पितरांच्या पंधरवड्यातला कोरम

वार्षिक विवरणपत्र भरणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ!

हे वाक्य मी कर्जत स्टेशनाबाहेरच्या चहाच्या दुकानात, कपातला चहा बशीत ओतता ओतता, चांगल्या दणदणीत आवाजात उच्चारलं. साल एकोणीसशे सदुसष्ट. मी बी. कॉम. झालो होतो, फोर्टातल्या एका ऑडिटरच्या पेढीत थोडी खर्डेघाशी करून आलो होतो, आणि कंपनी कायद्याचं एक जाडजूड पुस्तक काखेत मारून गावभर हिंडत होतो. ते पुस्तक मी पूर्ण वाचलं होतं असं नाही, पण काखेत ते फार शोभून दिसायचं.

शेजारच्या बाकावर नामाकाका लाड बसले होते. ते उठून माझ्यासमोर येऊन बसले.

"पदू, खरंच रं?"

"काय खरंच, नामाकाका?"

"ह्येच. मळ."

"अहो, तुमच्या त्या मुंबईच्या कंपनी निबंधकाला मी असा गुंडाळून ठेवीन!"

"गुंडाळू नको. नुसतं भरून दे," असं म्हणून नामाकाकांनी माझ्या चहाचे पैसे दिले. तिथेच मी फसलो.

नामाकाका होते 'उल्हासकाठ भातसडाई कंपनी लिमिटेड'चे संचालक. नाव भारदस्त असलं तरी कंपनी म्हणजे नदीकाठची एक पत्र्याची भातगिरणी आणि खोकल्याची उबळ आल्यासारखं चालणारं एक इंजिन. ती काढली भिवाजी घारे यांनी. या माणसाने बैलगाडी जुंपून खोपोलीपासून नेरळपर्यंत गावोगाव शेअर विकले. कोणी रोकडा दिला, कोणी भात मोजून दिलं. त्यामुळे भागधारक साऱ्या मुलखात विखुरलेले, आणि एकाला दुसऱ्याचा चेहरा ठाऊक नाही. भिवाजींना मात्र सगळे ठाऊक होते, आणि तेच नेमके वारले.

मागे राहिली त्यांची अध्यक्षाची खुर्ची. सागवानी, दोन्ही बाजूंना हात असलेली. ते गेले त्या वर्षी वार्षिक सभा भरली, तर खुर्चीवर बसायला कोणी तयार होईना. अध्यक्षच नाही म्हणून सभा मोडली. पुढल्या वर्षी भिवाजींचे चुलतभाऊ गजा घारे छाती काढून बसले, तर खुर्चीचा पाय मोडला आणि गजाभाऊंचं मनगट! गावाने काय ते ओळखलं. नंतर खुर्ची दुरुस्त झाली, मनगटही झालं, पण सभा काही झाली नाही. आणि सभा नाही म्हणजे विवरणपत्र नाही.

आता मुंबईहून शेवटचं पत्र आलं होतं. तीस सप्टेंबरच्या आत सभा घ्या आणि विवरणपत्र दाखल करा, नाहीतर कंपनीचं नाव काढून टाकू. नाव गेलं की कंपनी मेली, गिरणीला कुलूप लागलं आणि दिवाळीनंतर झोडलेलं भात घेऊन पंचक्रोशीने वणवण करायची.

"भिवाजीनं रक्त आटवलंय रं हिच्यात," नामाकाका म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "माज्या हातून मरू नको देऊ. यवढं तडीस ने, सेक्रेटरी म्हनून तुला कायम करतो."

मी पुस्तकावर थाप मारली. वरची धूळ नामाकाकांच्या चहात गेली.

गणपतीच्या आधीच मी नोटिसा काढल्या. मंगळवार, सव्वीस सप्टेंबर, दुपारी बारा वाजता, गिरणीच्या कचेरीत. कोरमला पाच सभासद लागतात आणि ते जातीने लागतात, दुसऱ्याला पाठवलेलं चालत नाही. म्हणून 'सभासदांनी स्वतः हजर राहावे' या शब्दांखाली मी ठळक रेघ मारली. नोंदवही समोर ठेवून एकेक पत्ता लिहिला, एकेक तिकीट चिकटवलं. शेवटी जीभ अशी कोरडी पडली की पाणी प्यायलं तरी गोंदाची चव जाईना. पण काम चोख!

आणि एके सकाळी आमच्या दारात अंबूकाकी उभ्या राहिल्या. अंबूकाकी म्हणजे भिवाजींच्या पत्नी. हातात माझी नोटीस.

"पदू, ह्यो कागुद तू धाडलास?"

"हो, काकी."

"कोनाच्या नावानं?"

मी वाचलं. श्री. भिवाजी राघो घारे, मुक्काम भातगिरणी, कर्जत. नोंदवहीत नाव होतं, मी उतरवून काढलं! त्यातलं कोण जिवंत आणि कोण नाही हे बघायचं असतं, हे कोणाच्या ध्यानात येतं?

"चुकून गेली, काकी. फाडून टाका. वारलेल्या सभासदाला सभेत मोजतच नाहीत. कायदाच आहे तसा."

"फाडू? पितरांच्या पंधरवड्यातलं आवताण फाडू? मुडद्या, वार बघितलास, तिथ बघितलीस का? मंगळवारी अष्टमी. ह्यांची तिथ हाय!"

एवढं जाडजूड पुस्तक मी काखेत बाळगत होतो, पण पंचांग उघडायचं मला सुचलं नव्हतं.

"मग तारीख बदलू का?" असं मी म्हणालो खरा, पण बदलणार कशी? नवी नोटीस काढली की पुन्हा एकवीस दिवस आले, आणि तीस सप्टेंबर तर उलटून जाणार.

"बदलू नको," काकी म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बलावनं गेलंय. आता ते यायचेच. मी पान घालीन."

"घरी घाला ना, काकी."

"तुज्या कागदावर पत्ता गिरनीचा हाय. म्हातारा मानूस दोन ठिकानी कसा धावंल?"

मी पुस्तक उघडलं आणि पुन्हा मिटलं.

बातमी गावात वाऱ्यासारखी पसरली. पदूने भिवाजीला टपालाने आवताण धाडलं! मला बघून लोक रस्त्याची बाजू बदलू लागले. मी सगळ्यांना हसून सांगायचो, "अहो, मेलेला माणूस काय सभेला येतो?" हसताना माझा आवाज जरा चिरकायचा, एवढंच.

मंगळवार उजाडला. भादव्यातलं ऊन असं तापलं होतं की गिरणीच्या पत्र्याकडे बघवत नव्हतं. नवं भात यायला अवकाश होता, त्यामुळे इंजिन मुकं. आत अंधार, कोंड्याचा उबट वास, आणि वरच्या चाकांवरून खाली लोंबणारे पट्टे. वारा नसताना त्यांतला एखादा उगीच हलायचा. एरवी तिथे चिमण्यांचा कलकलाट असतो. त्या दिवशी एक चिमणी नव्हती.

अंगणात काकींनी चूल मांडली होती. वडे, तांदळाची खीर, अळू, लाल भोपळा. करंजाच्या झाडाखालच्या दगडी गडग्यावर त्यांनी भिवाजींचं पान वाढून ठेवलं आणि हाका मारायला सुरुवात केली. "काव, काव, काव!"

झाडावर कावळा नव्हता.

कचेरीत लांब टेबल, टेबलाच्या टोकाला हार घातलेली ती खुर्ची, आणि खुर्चीपुढे भिवाजी शिपायाला बोलवायला वाजवायचे ती पितळी घंटा. माझ्यासमोर सभासद किती? नामाकाका एक. मनगट सांभाळत दाराशीच उभे राहिलेले गजाभाऊ दुसरे. अंगणातल्या अंबूकाकी तिसऱ्या, त्यांच्या स्वतःच्या नावावर शेअर होता. आणि इंजिन चालवणारा चांगो चौथा. मी स्वतः नोकर. माझा उपयोग शून्य!

"बाकीचे कुठे आहेत?" मी विचारलं.

"ज्याच्या त्याच्या घरी पितर," नामाकाका म्हणाले. "आन ज्यांच्या घरी नाय, त्यांना भिवाजीची धास्ती."

"म्हणजे चारच! एक कमी!"

"पाचवा हाय की," चांगो शांतपणे म्हणाला. हा चांगो इंजिनाशेजारी आयुष्य काढून अर्धा बहिरा झाला होता, त्यामुळे कशानेच दचकायचा नाही.

"कोण?"

चांगोने खुर्चीकडे बोट केलं. "अध्यक्ष."

"चांगो! वारलेल्या सभासदाला कायद्यात मोजत नाहीत!" मी ओरडलो.

टिंग.

घंटा आपसूक वाजली. गजाभाऊ एका उडीत दाराबाहेर! नामाकाका टेबलाला धरून उभे, आणि मी पुस्तक छातीशी. थोड्या वेळाने घंटेमागून एक पाल हळूच बाहेर आली. आढ्यावरून पडली होती बिचारी. मी ती सगळ्यांना दाखवली. पालसुद्धा घाबरलेली दिसत होती.

"बघा! सगळ्याला कारण असतं," मी म्हणालो, आणि तेवढ्यात गिरणीच्या अंधारात पट्टा सर्रकन घसरून खाली पडला. गजाभाऊ या वेळी पार रस्त्यापर्यंत गेले. चांगो कंदील घेऊन आत जाऊन आला. "घूस," तो म्हणाला. नामाकाकांनी गजाभाऊंना दंडाला धरून परत आणलं, कारण ते गेले असते तर तीनच उरले असते.

"काव, काव!" बाहेर काकींचा आवाज आता रडवेला होत चालला होता. "या हो! किती वाट बघायला लावायची ती?"

घड्याळ पुढे सरकत होतं. मी पुस्तक उघडलं आणि कायदा मोठ्याने वाचून दाखवला. अर्ध्या तासात कोरम झाला नाही, तर सभा पुढच्या आठवड्यात, त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी.

नामाकाकांनी बोटं मोजत हिशेब केला आणि त्यांचा चेहरा उतरला. "पुढला मंगळवार? अरं, ती सर्वपित्री!"

चांगो म्हणाला, "त्या दिशी कोरमची काळजी नाय. सगळेच जुने येतील."

सर्वपित्रीच्या भर दुपारी, मुक्या गिरणीत, बाकांवर दाटीवाटीने बसलेले जुने भागधारक माझ्या डोळ्यांपुढे आले, आणि त्या उकाड्यातही पाठीवरून गार घाम ओघळला. आणि तोवर तीस तारीख गेलेली! नामाकाका मटकन बाकावर बसले आणि त्यांनी तोंड दोन्ही हातांत झाकून घेतलं.

"संपलं रं पदू. त्यानं उभी केली, मी बुडवली."

मला फार वाईट वाटलं. बढाया मी मारल्या होत्या आणि रडत होता तो म्हातारा माणूस.

बाहेर ऊन असतानाच पावसाची एक सर आली. पत्र्यावर ताडताड आवाज झाला आणि थांबला. त्या शांततेत मागून कोणीतरी बोललं.

"जेवान सभंच्या आदी का मंग?"

आम्ही सगळे गर्रकन वळलो. शेवटच्या बाकावर एक माणूस बसला होता. काटकुळा, गुडघ्याइतकं धोतर, मांडीवर पानांचं इरलं. तो कधी आला, कोणीच पाहिलं नव्हतं. दाराशी तर गजाभाऊ उभे होते!

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"हिरामण. पळसदरीचा. कागुद आला व्हता. स्वतः हजर राहावं म्हनून लिवलं व्हतं, म्हनून स्वतः आलो."

मी नोंदवहीवर झडप घातली. पळसदरी, पळसदरी... हिरामण नागू ठोंबरे! शेअर एक! मला त्या माणसाला उचलून नाचावंसं वाटलं.

"कोरम!" मी किंचाळलो. "नामाकाका, कोरम झाला! वेळेच्या आत झाला!"

नामाकाकांनी डोळे पुसले. पण लगेच त्यांची नजर खुर्चीकडे गेली, आणि माझीही. सभेला अध्यक्ष लागतो, आणि तो हजर सभासदांतूनच निवडावा लागतो. मी नामाकाकांकडे पाहिलं, त्यांनी आढ्याकडे पाहिलं. गजाभाऊंनी न विचारताच मनगट पुढे केलं. चांगोला ऐकूच आलं नाही.

"मी बसतो," हिरामण म्हणाला. "लांबून आलोय. पाय दुखत्यात."

आणि खुर्चीवरचा हार बाजूला करून तो बसलासुद्धा! मी डोळे मिटून पाय मोडायची वाट बघितली. काही झालं नाही. कोणी नुसता हात लावला तरी करकरणारी ती खुर्ची, हूं नाही की चूं नाही. हलका माणूस आहे, मी मनाशी म्हणालो.

"चला, सभा सुरू!"

"थांब!" अंबूकाकी दारात आल्या. कपाळावर घाम, हातात झारा. "कावळा शिवला नाय अजून. शिवल्याबिगर सभा नाय आन कोनाला जेवान नाय. ह्यांची कायतरी इच्छा ऱ्हायलीय. बोला काय ते!"

आता काकी उठून गेल्या असत्या तर कोरम गेला असता. आम्ही मुकाट्याने अंगणात जाऊन गडग्यापुढे हात जोडून उभे राहिलो.

"भिवाजी," नामाकाका म्हणाले, "गिरनी बंद पडू देनार नाय!"

करंजाचं पान हललं नाही.

"भिवाजीकाका," मी म्हणालो, "विवरणपत्र वेळेवर भरीन!"

कशाचाच पत्ता नाही. सगळं रान कान देऊन ऐकत असल्यासारखं गप्प. ती शांतता गजाभाऊंना सोसवली नाही.

"दादा!" ते एकदम ओरडले. "बांध मागं घेतो! आईच्यान घेतो!"

"बांध?" काकी वळल्या. "कंचा बांध रं गजा?"

गजाभाऊ खाली बघू लागले. काकींनी झारा उचलला, नामाकाका मध्ये पडले. कावळा मात्र नाहीच.

तेव्हा हिरामण पुढे आला. त्याने डोळ्यांवर हात धरून झाडात पाहिलं, आणि पलीकडच्या शेतातल्या गड्याला हाक मारावी तशी हळूच हाक मारली.

"भिवाजी, ये रं खाली. मानसं खोळंबल्यात."

कुठून आला सांगता येत नाही. एक कावळा गडग्यावर उतरला, आमच्याकडे मान वाकडी करून पाहिलं आणि वडा उचलून गेला.

अंबूकाकींनी पदर डोळ्यांना लावला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. तो काटा घालवायला मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "भिवाजींची आणि तुमची चांगली ओळख होती वाटतं?"

"आदी नव्हती," हिरामण म्हणाला. "आताच झाली."

त्याच्या बोलण्याची ही एक तऱ्हा असेल, असं मी धरून चाललो. मला विवरणपत्राची घाई होती हो!

अशी झटपट वार्षिक सभा त्या जिल्ह्यात कधी झाली नसेल. मी हिशेब वाचायचो, हिरामण खुर्चीतून विचारायचा, "कोनाचं काय म्हननं हाय?" कोणाचं काही नसायचं. सगळ्यांचं लक्ष घंटेकडे. "मंजूर," हिरामण म्हणायचा. हिशेब मंजूर, संचालक मंजूर, माझी नेमणूकसुद्धा मंजूर!

मग पंगत बसली. हिरामण पानावर वाकून, डोळे मिटून, बराच वेळ नुसता वास घेत बसला. "वडं वाढा," तो म्हणाला. काकींनी वाढले. थोड्या वेळाने पुन्हा, "आनिक वाढा." आम्ही जेवत होतो, बोलत होतो, गजाभाऊंचा बांध मोजत होतो. बघतो तर हिरामण उठून माझ्यापाशी उभा.

"येतो आता. लांब जायचंय." त्याने माझ्या डाव्या हातावर हात ठेवला. तो हात विहिरीच्या तळच्या पाण्यासारखा गार होता. "शेक्रेटरी, बलावलंत, बरं वाटलं. कोन बलावत नाय."

एवढं बोलून तो उन्हात निघून गेला.

"ह्यो कसला मानूस म्हनायचा!" मागून काकी कडाडल्या. "दोन-दोन डाव वडं मागून घेतलं आन पान तसंच! शिवला पन नाय! अन्नाची नासाडी!"

खरंच, पान भरलेलं होतं. खिरीला बोट लागलेलं नव्हतं. काकींनी बडबडत ते नेऊन गडग्यावर ठेवलं आणि त्या मागे वळतात न वळतात तोच कावळ्यांचा अख्खा थवाच्या थवा त्यावर उतरला. सकाळपासून कुठे दडून बसले होते कोण जाणे! डोळ्याचं पातं लवतं तोवर पान धुतल्यासारखं लखलखीत.

"पदू, बेस मानूस आनलास रं," नामाकाका म्हणाले.

"मी कुठे? तुमच्या ओळखीचे ना ते?"

"माज्या? मला वाटलं गजाचा पावना."

"मला वाटलं दादाचा दोस्त," गजाभाऊ म्हणाले.

विषय तिथेच राहिला. शुक्रवारी मी मुंबईला गेलो, विवरणपत्र दाखल केलं आणि नकलेवर शिक्का मारून आणला. जांभळा, गोल, ठसठशीत शिक्का! नामाकाकांनी तो कागद कपाळाला लावला. कंपनी वाचली, गिरणी वाचली, माझी नोकरी पक्की झाली. चहाच्या दुकानात मी पुन्हा बशीत चहा ओतला. "म्हणालो नव्हतो? डाव्या हाताचा मळ! आणि म्हणे मेलेली माणसं सभेला येतात!"

तेवढ्यात मला आठवलं. सभेचा वृत्तान्त लिहून त्यावर सभेच्या अध्यक्षाची सही घ्यावी लागते, आणि अध्यक्ष तर पळसदरीला. हात्तिच्या! एक स्टेशन तर पुढे! वही काखेत मारून मी निघालो.

पळसदरीला उतरून, धरणाच्या कडेकडेने, विचारत विचारत घर गाठलं. पडवीत एक बाई सुपात तांदूळ पाखडत होती.

"हिरामण आहेत का घरात?"

तिचं सूप थांबलं. "तुमी कोन?"

"कर्जतच्या गिरणीचा सेक्रेटरी. मंगळवारी सभेला आले होते ना, त्यांची सही राहिलीय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू तिने विचारलं, "आले व्हते?"

"आले होते म्हणजे काय! अहो, अध्यक्ष झाले! ते नसते तर आमची कंपनी बुडाली असती!" आणि मी रंगात येऊन सगळं सांगायला लागलो. खुर्ची सांगितली, कावळा सांगितला, मंजूर-मंजूर सांगितलं. सांगता सांगता माझी नजर आत गेली. अंधाऱ्या खोलीत एक दिवा तेवत होता. दिव्याखाली माझी नोटीस होती, ठळक रेघेसकट. आणि वर खुंटीला एक इरलं टांगलेलं होतं. मी मंगळवारी पाहिलं होतं तेच.

मी नोटीस बघितली, पुन्हा इरलं बघितलं.

"आखाडात गेले," ती म्हणाली. ती हिरामणची बायको, सोनुबाई. "लावनीच्या टायमाला ताप आला, त्याच्यातच गेले. वरीस नाय झालं अजून, म्हनून यंदा पितरांत त्यांचं पान घालता येत नाय. आळीत सगळ्यांच्या घरी पानं, आन ह्यांचं कुटंच नाय. माजा जीव लागंना. मंग गनपतीत तुमचा कागुद आला व्हता, त्यो आठवला. शाळंतल्या मास्तरांनी वाचून दाखवला व्हता. स्वतः बलावलंय म्हनले. त्यो दिव्याखाली ठिवला आन म्हटलं, जावा. कोनी तरी बलावलंय तुमाला."

भर दुपार होती. माझा डावा हात मनगटापर्यंत गार पडला होता. म्हणजे त्या सभेला माणसं चारच होती. म्हणजे कोरम झालाच नव्हता. म्हणजे सभाच झाली नव्हती आणि त्या जांभळ्या शिक्क्याखालचं विवरणपत्र... मी पुढचा विचार करणं सोडून दिलं.

सोनुबाई माझ्याकडेच बघत होती. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता.

"जेवले का वो?" तिने शेवटी विचारलं. "पोटभर?"

वारलेल्या सभासदाला मोजत नाहीत, असं मी महिनाभर गावाला ओरडून सांगत होतो. तिथे मात्र ते वाक्य तोंडातून निघेना.

"जेवले," मी म्हणालो. "वडे तर दोनदा मागून घेतले. पान एकदम लख्ख."

"वडं लई आवडायचं त्यांना," सोनुबाई म्हणाली आणि हसली. डोळ्यांतलं पाणी तिने सुपातल्या तांदळांवर पडू दिलं नाही, आधीच पदराने टिपलं. मग तिचं लक्ष माझ्या वहीकडे गेलं. "सही येत नव्हती त्यांना. आंगठा उठवायचे. परत बलवाल तवा घ्या."

मी तिथून जो सुटलो, तो गाडीत बसेपर्यंत मागे पाहिलं नाही.

नामाकाकांना तेवढं सांगितलं. ते म्हणाले, "नोटीस गेली व्हती ना? त्यो आला ना? मंग तुज्या कायद्याचं काय बिगाडलं?" गजाभाऊंनी बांध मागे घेतला. गिरणी पुढे कैक वर्षं खोकत खोकत चालली. त्या वर्षीच्या वृत्तान्तावर अध्यक्षाच्या सहीची जागा कोरीच राहिली, आणि निबंधकाच्या कचेरीतल्या कोणी ती बघायला मागितली नाही. तुम्हीही कुठे बोलू नका.

पुढच्या वर्षीपासून सभा मी गणपतीच्या कितीतरी आधी उरकू लागलो. नोटिशीतल्या 'स्वतः' या शब्दाखाली रेघ मारणं बंद केलं. पळसदरीची नोटीस मात्र चुकवली नाही कधी, आणि सभेच्या दिवशी शेवटच्या बाकावर एक पान वाढून ठेवायला अंबूकाकींना सांगत राहिलो. वडे जरा जास्त.

वार्षिक विवरणपत्र भरणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ आहे, असं मी आजही म्हणतो. फक्त भादवा उलटल्यावर म्हणतो, आणि आधी मागच्या बाकावर कोणी बसलंय का, ते बघून घेतो.